पान सात आणि पान एकोणीस

म्युरिएल हॉब्डे यांच्या पत्राला मी अकरा वर्षं उत्तर दिलं नाही.

आमच्या गावाचा इतिहास मी लिहिला, चाळीस पानांचा. गावच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, दाराशी विकायला ठेवलेला असतो. पाणचक्कीच्या पानावर मी लिहिलं होतं, की १९३७ सालच्या ईस्टरच्या सोमवारी, दुपारी तीनच्या सुमारास, चक्कीवाल्याच्या बायकोने, लेटिस हॉब्डेने, चक्कीचं पाणी अडवणारं दार उचललं आणि खाली खेळणारा तिचाच मुलगा वाहून गेला. हे मला दारूच्या गुत्त्यात एका म्हाताऱ्याने सांगितलं होतं. त्याआधी गावात असं कोणी म्हणत नव्हतं. पुस्तक आल्यावर म्हणू लागले.

म्युरिएल या लेटिसच्या मुलगी. त्यांनी लिहिलं होतं, ‘मी चार वर्षांची होते. त्या संध्याकाळी आईने मला जवळ घेतलं, तेव्हा तिच्या तळहातांना फोड होते, एवढंच आठवतं. तिने दार उचललं असेल, असं मला वाटत नाही. तुम्ही पुन्हा शोधाल का?’

त्या पाणी अडवणाऱ्या दाराचं लोखंडी हँडल मी पाहिलं आहे. ते फिरवल्यावर हाताला फोड येणारच. बिचाऱ्या बाईंनी आईविरुद्धचा पुरावा स्वतःच पाठवला, असं मला वाटलं. हे त्यांना कसं लिहायचं? मी पत्र शब्दकोशात ठेवून दिलं.

गेल्या महिन्यात क्लाइव्ह पर्नेलने मला घंटाघरात बोलावलं. घंटा वाजवणाऱ्यांचा तो म्होरक्या. पूर्वी कोणी किती वेळ सलग घंटा वाजवल्या, याची नोंद असलेल्या भिंतीवरच्या जुन्या पाट्यांवर त्याला सोनेरी रंग द्यायचा होता, आणि नावं नीट लागत नव्हती. एक नवी मुलगी दोर ओढायला शिकत होती. ती तळहातांवर फुंकर घालत बसली होती. दोन्ही हातांना फोड आले होते.

मी पाटी वाचू लागलो. २९ मार्च १९३७, ईस्टरचा सोमवार. सलग तीन तास सात मिनिटं, दुपारी दोनपासून. सहा नावं. चौथं, लेटिस हॉब्डे.

मी क्लाइव्हला विचारलं, ही पाटी इथे केव्हापासून आहे.

“अहो पंडित, स्वतःचं पुस्तक कधी उघडता का? पान सातवर तुम्हीच छापलीय.”

खरंच होतं. देऊळ एका प्रकरणात, चक्की दुसऱ्या. मध्ये बारा पानांचं अंतर. दोन्हीकडे तीच तारीख, आणि मी ती कधी शेजारी ठेवून पाहिली नाही.

“मधेच कोणी दोर सोडून खाली गेलं असेल का?” मी विचारलं.

“घर जळालं तरी नाही. एकाने सोडला की सगळ्यांची मेहनत वाया. निरोपसुद्धा घंटा थांबल्यावरच देतात.”

त्या रात्री मी उत्तर लिहायला बसलो. पाच कागद फाडले. शेवटी लिहिलं, की तुमची आई त्या वेळी घंटाघरात होती, फोड दोराचे होते, आणि मी चूक केली; देवळातल्या उरलेल्या सगळ्या प्रतींमध्ये पान एकोणीसवर दुरुस्ती चिकटवली आहे. तीनला मूल बुडालं, घंटा पाचनंतर थांबल्या, आणि तोवर आईला कोणी निरोप दिला नसेल, हा हिशेब मात्र मी लिहिला नाही.

म्युरिएल आता नव्वदीच्या असतील. असल्या तर. पत्ता अकरा वर्षांपूर्वीचा. सकाळी दफनभूमीच्या भिंतीतल्या लाल टपालपेटीपाशी गेलो, तिकीट पुन्हा एकदा दाबलं, आणि पत्र आत टाकलं.