मी, धुंगधुंगवालं गाणं

मित्रांनो, मी एक जुनं गाणं आहे. घड्याळानं, छत्रीनं, एसटीनं आपापली कहाणी तुम्हाला सांगून झाली असेल. मला मात्र आजवर कोणी बोलू दिलं नाही, नुसतं लोकांना नाचवायला लावलं. कॅसेटवर माझं नाव काहीतरी भारदस्त छापलं होतं, पण बुलडाणा जिल्ह्यात मला सगळे 'धुंगधुंगवालं गाणं' म्हणतात. मलाही तेच आवडतं.

माझा जन्म चिखलीत, सईद पिंजाऱ्याच्या दुकानात झाला. सईद लग्नसराईत बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचा आणि बाकीचं वर्ष गाद्या भरायचा. त्याच्याकडे पिंजण होतं, म्हणजे कापूस पिंजायचं टांगलेलं मोठं धनुष्य. त्याच्या तातीवर, म्हणजे ताणलेल्या दोरीवर, लाकडी दस्त्याचा ठोका बसला की धुंग असा जाड आवाज यायचा आणि कापूस उडायचा. धुंग, धुंग-धुंग, धुंग. मग सईद थांबायचा, कारण समोर बसलेली त्याची बायको नूरबी कापसाचा ढीग पलटायची. पलटून झालं की ती हात वर करायची आणि ठोके पुन्हा सुरू व्हायचे.

नांदुऱ्याच्या ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवणारे वामनराव एकदा सासऱ्यांची गादी घेऊन तिथं आले. त्यांना फंकचा भारी नाद. फंक म्हणजे ज्यात सुरापेक्षा ठेका मोठा असतो आणि बसल्या जागी माणसाचे खांदे हलायला लागतात, तसलं संगीत. गादी भरून झाली तरी वामनराव उठेनात.

"सईदभाई, हे तं गाणं आहे बे!" ते म्हणाले. "फक्त मधात हे रिकामं काऊन सोडता?"

"तिथं नूरबी कापूस पलटवते," सईद म्हणाला. "तिची जागा आहे ती. ती नाही भरायची."

वामनरावांनी ते धुंगधुंग गिटारवर घेतलं, सईदनं वर ट्रम्पेट चढवला, आणि मी तयार झालो. मधली जागा जशीच्या तशी राहिली. अकोल्यात कॅसेट निघाली आणि दोन लग्नसराया माझ्याशिवाय वरात हलली नाही. लोक बेभान नाचायचे, मी थांबलो की एक पाय हवेत धरून उभे राहायचे, आणि मी सुरू झालो की पाय आपटायचे. काय तोरा होता माझा तेव्हा!

मग माझ्या नकला निघाल्या. पहिली जानेफळच्या भगवानराव बँडमास्तरांची. त्यांनी कॅसेट ऐकली ती सेल उतरलेल्या टेपवर. मी तिथं रडतखडत वाजलो, आणि त्यांच्या अख्ख्या बँडनं मला तसंच संथ, जड आवाजात पाठ केलं. मधली जागा इतकी लांबली की वऱ्हाडी गाणं संपलं समजून जेवायला बसले. चूक कळल्यावर भगवानराव म्हणाले, "आता आमच्याकडं असंच चालते." आधी मला लाज वाटली. पुढे त्या भागात मुलीच्या पाठवणीला मला वाजवू लागले आणि नवऱ्या मुली माझ्यावर रडू लागल्या, तेव्हा मला भगवानरावांचा रागच येईना.

त्यानंतर बेंजो पार्टीनं मला दामटलं, निवडणुकीत माझ्यावर उमेदवाराचं नाव बसवलं. तेही मी सोसलं. पण डीजे आले आणि त्यांना माझी रिकामी जागा खुपली. त्यांनी तिच्यात भोंगा कोंबला. हळूहळू लोकांना भोंगाच खरा वाटायला लागला.

दुकानातही तेच झालं. पिंजायचं यंत्र आलं. ते एकसारखं घरघरतं, कापूस पलटायला कोणासाठी थांबत नाही. पिंजण खुंटीवर गेलं. पुढे सईदही गेला. नूरबीला माझ्यात कुठं बसावं ते कळेना, आणि मला तिच्यावाचून करमेना.

परवा तिची नात हीना कॉलेजच्या गॅदरिंगसाठी मला बसवत होती. वामनरावांची गिटार आता तिच्याकडे आहे. मधल्या जागेत तिनं मोबाइलवरच्या टाळ्या भरल्या होत्या.

"माह्या जागी हे काय ठेवलं, बेटा?" नूरबीनं विचारलं.

"दादी, रिकामं ठेवलं तं लोक म्हणतील लाइट गेली. हसतील मले."

"हसू दे. तुह्या आज्याचा ठोका सगळ्याईनं घेतला. माहा हात कोणीच नाही घेतला." नूरबीनं मोबाइल बाजूला सारला. "मी मरायच्या आधी एकदा तरी वाजव."

हीनानं गिटार मांडीवर ओढली. मग हळूच म्हणाली, "किती मात्रा थांबू पण?"

"कापूस पलटेपर्यंत."

आता हे कुठल्या संगीताच्या वर्गात शिकवतात? हीनानं घरी करून पाहिलं. कधी लवकर सुरू झाली, कधी उशिरा. गॅदरिंगला जाताना तिचा चेहरा उतरलेला होता आणि टाळ्या मोबाइलमध्ये तयारच होत्या. मी मनातून हबकलो होतो. याही वेळी जागा भरली असती, तर पुढं ती कोणाच्या ध्यानातही राहिली नसती.

गाणं सुरू झालं. पोरं नाचायला लागली. ती जागा आली आणि हीनानं गिटारच्या तारांवर हात ठेवला. सगळं शांत. साउंडवाला वायरी तपासायला धावला. मागून कोणीतरी शिट्टी मारली, पोरं हसली. हीनानं मोबाइलला हात लावला नाही. ती पहिल्या रांगेत बघत होती.

तिथं नूरबी बसली होती. तिनं मांडीवरचा नसलेला कापूस दोन्ही हातांनी उचलला, सावकाश पलटला, थोपटला.

मित्रांनो, मला तुम्ही हवं तसं वाजवा. संथ वाजवा, बेंजोवर वाजवा, माझे शब्द बदला, माझी काही तक्रार नाही. फक्त त्या जागी जरा थांबा. तिथं एक बाई काम करते आहे.

नूरबीनं हात वर केला, आणि हीनानं ठोका दिला.