विलो स्प्रिंगचं ठाणं

नेवाडाच्या ओसाड मुलखात टपालगाडीची पहिली वाट एसाहेल ट्रंबलने पाडली, ती तरुणपणी. आता साठीला टेकलेला ट्रंबल स्वतःच्याच गाडीत कोपरा धरून बसला होता. विलो स्प्रिंगच्या ठाण्यावर घोडे बदलून मिळत नाहीत, अशी ओरड कानावर आली होती. तेच बघायला तो निघाला होता. गाडीवान ईनसला त्याने गप्प राहायची खूण केली होती. मालक म्हणून गाऱ्हाणी ऐकायचं त्राण त्याच्यात उरलं नव्हतं.

दुपारी ओढ्याच्या चिखलात चाकं रुतली. सगळे उतारू खाली उतरले. ट्रंबलनेही चाकाला खांदा लावला. शेजारी टोप्यांचा फिरता विक्रेता फिच करवादत होता.

"भाडंही द्या आणि गाडीही ढकला! तो ट्रंबल गादीवर लोळत असेल. भेटू दे एकदा, सोलून काढतो."

"काढा की," ट्रंबल धापा टाकत म्हणाला. "आधी जोर तर लावा."

वर ईनसला खोकल्याची उबळ आली.

ठाण्यावर पोचले तर चूल थंडगार. राखणदार चंबूगबाळं आवरून पसार झालेला. तबेल्यात घोडे रिकाम्या गव्हाणीपुढे पाय आपटत होते.

"कुठंय तो मालक?" फिच गरजला.

ट्रंबलने कोट काढून खुंटीला लावला. "हा काय, इथंच. पण घोड्यांना चारा घालू द्या, मग सोला."

फिच एक पाऊल मागे सरला. लेकीकडे निघालेल्या मिसेस ग्रिम्स तेवढ्या हसल्या. "मघाशीच का नाही सांगितलंत?"

"बाई, घटकाभर नुसतं उतारू होऊन बसावंसं वाटलं."

"मग, झालं बसून?"

"कुठलं? मध्येच चिखल लागला."

"आता बसा. चुलीचं मी बघते."

तो बाकावर टेकला आणि बसल्या बसल्याच त्याचा डोळा लागला. जागा झाला तेव्हा घेवड्याचा वास सुटला होता, ईनसने घातलेला चारा घोड्यांनी खाल्ला होता आणि फिच मुकाट्याने पाण्याच्या बादल्या वाहत होता.

जेवणं उरकून ताजे घोडे जुंपल्यावर ईनसने हाक मारली, "चला, मालक."

"तू हो पुढे. परतीच्या गाडीला इथं माणूस नको?"

"अहो, पण तुम्ही? या वयात?"

"दुसरा कुणी दिसतोय तुला?"

ईनसने लगाम हाती घेतले. गाडी धुरळा उडवत गेली. थकलेले घोडे अंगणात माना टाकून उभे होते, पोटापर्यंत चिखलाने माखलेले. ट्रंबलने बाह्या सारल्या आणि त्यांच्या अंगावरचा चिखल खरवडायला घेतला.