माठाचं फडकं

गिरणाकाठी भडगावच्या अलीकडे एक गाव आहे. नाव सांगत नाही. या प्रकरणात आपली अब्रू गेली असं त्या गावाला वाटतं. मला विचाराल तर तेव्हाच कुठे थोडी मिळाली. तर त्या गावच्या हायस्कुलात भागाबाई शिपाई आहे. घंटा तिच्याकडे, किल्ल्या तिच्याकडे आणि दसऱ्यानंतर गच्चीवर हवा मोजायचं यंत्र बसलं तेव्हा तेही तिच्याच पदरात पडलं.

यंत्रासाठी जळगावच्या कचेरीतून हुमा नावाची मुलगी यायची. सकाळच्या एसटीने आली की हातमोजे घालायची, पाकिटातून पांढराशुभ्र कागद चिमट्याने काढायची, यंत्रात बसवायची आणि दुसऱ्या दिवशी येऊन तेवढ्याच हळुवारपणे काढून न्यायची. यंत्र दिवसभर हवा ओढतं, धूळ कागदावर बसते. कागदाचं आधीचं नि नंतरचं वजन केलं की धूळ किती ते कळतं, असं तिने समजावलं होतं.

"धूळ तोलाले इतकं शिकनं पडस?" भागाबाईने विचारलं होतं.

"पडतं अक्का. कागदाला माझं बोट लागलं तरी वजन चुकतं."

भागाबाई त्या पोरीवर खूश झाली. बोट लागलं तरी चुकतं म्हणणारं माणूस तिने बऱ्याच दिवसांनी पाहिलं होतं. आता या मुलीच्या यंत्राला आपण जपलं पाहिजे, असं तिने मनाशी ठरवून टाकलं. आणि जपणं म्हणजे काय, हे भागाबाईला कुणी शिकवायची गरज नव्हती. हुमा जिना उतरली की ती वर जायची आणि माठाच्या तोंडाला बांधतात तसं जुन्या लुगड्याचं ओलं फडकं यंत्राच्या तोंडाला बांधायची. एवढं महागाचं यंत्र, त्यात केरकचरा गेला तर? हुमा यायच्या आधी फडकं सोडून घडी करून ठेवायची. पाहुणीसमोर ओलं फडकं लोंबतंय, हे काही बरं दिसत नाही. धुताना पाणी काळं निघायचं, तेव्हा तर तिला आपण केवढं यंत्र वाचवलं असं वाटायचं.

महिन्याचा आकडा शाळेच्या फाटकावरच्या फळ्यावर खडूने लिहायचा, असं ठरलं होतं. शंभराच्या आत असला की हवा चांगली. नोव्हेंबरचा आकडा आला एकेचाळीस. डिसेंबरचा अडतीस. गाव फुगलं. सरपंच प्रेमराज नाना तर ज्याला त्याला फळा दाखवत सुटले. सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतर यंत्र सांभाळणाऱ्या भागाबाईचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करायचा, असंही त्यांनी जाहीर केलं.

आता भागाबाईचं घर जिनिंगच्या, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्याच्या गल्लीत. हंगामात कापसाच्या गाड्या तिथल्या कच्च्या रस्त्याने रात्रंदिवस जातात. गल्लीने नानांकडे अर्ज केला होता, रस्ता डांबरी करा, तोवर पाणी तरी मारा. जानेवारीच्या सुरुवातीला अर्ज परत आला. गावची हवा उत्तम असल्याने तूर्त गरज दिसत नाही, असा शेरा त्यावर होता.

घरात तिचा नवरा देवचंद दिवाळीपासून धापा टाकत होता. पाणी भरून आणलं की ओट्यावर बसून राहायचा. बारा वर्षांपूर्वी त्याने बिडी सोडली होती. पण फळ्यावरचे आकडे बघून भागाबाईला संशय आला.

"हवा चांगली शे. मंग तुमले दम कसा लागस? चोरीसन बिडी पितस का?"

तिने त्याच्या सदऱ्याचा खिसाही तपासला. त्यात काही नव्हतं. देवचंद तिच्याकडे नुसता बघत राहिला. ते बघणं तिला काही सोसलं नाही, आणि सगळा राग यंत्रावर गेला.

दुसऱ्या दिवशी हुमा आल्याबरोबर ती म्हणाली, "बेटा, तुन्हं यंत्र खोटं बोलस."

हुमाही चक्रावलेलीच होती. तिने यंत्र दोनदा उघडून तपासलं होतं. "आकडे मलाही कमी वाटतात, अक्का. पण यंत्र खोटं बोलत नाही. जेवढं आत जातं तेवढंच ते मोजतं."

जेवढं आत जातं. भागाबाईच्या पायाखालची गच्ची सरकली. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती म्हणतात, ते असं.

ती गप्प राहिली असती तर कुणाला काय कळणार होतं? फडकं आजपासून बांधायचं नाही, की झालं. सत्कारही झाला असता. पण ही मुलगी स्वतःच्या बोटावर विश्वास ठेवत नाही आणि आपण तिच्यापासून फडकं लपवायचं? भागाबाईने कोपऱ्यातली घडी आणून तिच्यासमोर ठेवली.

"तोंडले मी हाई बांधेल व्हतं. माठले बांधतस तसं."

हुमाने घडी उलगडून पाहिली आणि ती कठड्यावर बसली. तिच्या सहीने गेलेले तिचे पहिलेच अहवाल होते ते. ती म्हणाली, "मधल्या वेळात एकदाही येऊन पाहिलं नाही, ही चूक माझी. मी साहेबांना आजच लिहून देते." आणि खरंच, तिथेच बसून तिने पत्र लिहिलं. त्यात भागाबाईचं नाव कुठेही नव्हतं. लोकांपुढे बोलायचं ते मात्र भागाबाईने स्वतःकडे घेतलं.

सव्वीस जानेवारीला नानांनी शाल हातात घेऊन तिला पुढे बोलावलं. तिने शाल घेतली नाही. पिशवीतून न धुतलेलं फडकं काढलं आणि टेबलावर पसरलं. मूळचं पांढरं लुगडं ते; मधोमध राखेसारखा गोल डाग पडला होता.

"हाऊ आकडा मना फडकानी करेल शे, हवानी नही. बठ्ठी, सगळी धूळ आठे फडकावर शे. देखा, नाना."

नानांनी डागावर बोट फिरवलं, बोट पाहिलं, आणि शाल टेबलावर ठेवून दिली. भागाबाई फाटकाशी गेली आणि दोन्ही आकडे तिने पुसून टाकले. मला त्या बाईचं फार कौतुक वाटतं. गावाने दिलेला मान गावासमोर परत करणं भल्याभल्यांना जमत नाही.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात जानेवारीचा, फडकं सुटल्यानंतरच्या दिवसांचा आकडा आला, एकशे चौऱ्याहत्तर. भागाबाईने तो स्वतःच्या हाताने फळ्यावर लिहिला. त्याच दुपारी जिनिंगच्या रस्त्यावर पाण्याचा टँकर फिरला आणि गल्लीचा अर्ज नानांनी पुन्हा मागवून घेतला.

संध्याकाळी देवचंद हळूहळू चालत फाटकापाशी आला. फळ्यापुढे बराच वेळ उभा राहिला. भागाबाई किल्ल्या घेऊन शेजारी येऊन थांबली.

"मी बिडीले हात लायेल नही," तो म्हणाला.

"माले माहीत शे," ती म्हणाली, आणि घरापर्यंत त्याच्या पावलाने चालली.