गिरणीची टाकी

भाकऱ्या थापतानाच चिरायला लागल्या, तेव्हा बबीताने आधी दोष ज्वारीला दिला, मग पाण्याला आणि शेवटी कतारमधल्या दोह्याच्या कोरड्या हवेला. पण ज्वारी बार्शीची मालदांडी होती. तिच्या वडिलांनी, अण्णांनी, स्वतः निवडून-पाखडून कुणाकुणाच्या बॅगेत कोंबून पाठवलेली. पाणीही चांगलं उकळतं घेतलं होतं. मग तिने डब्यातलं पीठ चिमटीत धरून अंगठ्यावर घोळवलं, आणि तिच्या ध्यानात आलं. दळताना दगडात तापून तापून पिठाची विरी गेली होती, चिकटपणाच उरला नव्हता.

बबीता मुशैरिबमधल्या एका बांधकामावर दगडकामाची क्वालिटी इंजिनिअर होती. भिंतीवर चढणारी प्रत्येक लादी तिच्या हाताखालून जायची. टिचकीच्या आवाजावरून ती लादीतली चीर सांगायची आणि साईटवरच्या माणसांना आता त्याची सवय झाली होती. घराणं वडाराचं. बापजाद्यांनी दगड फोडला, घडवला, वाहिला. कागदावर दगड तपासणारी मात्र घरातली ही पहिलीच. त्यामुळे गिरणीचा दगड गुळगुळीत झालाय, त्याला टाकी लावून पुन्हा चरे पाडायला हवेत, हे तिला घरबसल्याच कळलं होतं.

शुक्रवारी सकाळी ती अल गराफातल्या मुदस्सिरच्या गिरणीत गेली. मुदस्सिर मुलतानचा. गहू, मसाले, बेसन, सगळं दळून द्यायचा आणि गिऱ्हाइक बायकांना बाजी, म्हणजे ताई, म्हणत गोड बोलायचा.

"भाईसाब, दगडाला टाकी कधी लावली होती?" बबीताने हिंदीत विचारलं.

मुदस्सिरने कपाळाला हात लावला. "मत पूछो, बाजी. माझा कारीगर रमजानआधी गावी गेला, परत आलाच नाही. नवे दगड मागवलेत, पण जहाज कधी लागेल कोण जाणे. तोवर इन्शाल्ला चालतंय."

"चालत नाहीये. पीठ जळतंय."

"मलाही कळतं, बाजी. पण इथे हे काम येतं कुणाला?"

"मला येतं," बबीता म्हणाली.

मुदस्सिर हसला नाही. तेवढ्यात मागून कुणीतरी मराठीत म्हणालं, "मॅडम, तुमी? तुमाला टाकी लावता येती?"

तो जालिंदर होता. तिच्याच कंपनीची पिकअप चालवणारा, पन्नाशी ओलांडलेला माणूस. खोलीवरच्या दहा जणांच्या भाकरीसाठी तो ज्वारीचं पोतं घेऊन आला होता. साईटवर त्यांचं बोलणं गुड मॉर्निंगपलीकडे कधी गेलं नव्हतं.

"लहानपणी सुट्टीत आजीबरोबर शिकले," बबीता म्हणाली. "म्हातारपणी ती गल्लीतल्या जात्यांना, पाट्यांना टाकी लावायची. आजोबांची हातोडीही आहे माझ्याकडे, त्यांची उजनी धरणावरची. आजी गेली तेव्हा आत्यांनी बोरमाळ घेतली, मी हातोडी मागून घेतली."

"कुठलं गाव?"

"सावरगाव. वैरागच्या पुढं."

जालिंदरने पोतं खाली ठेवलं. "मीबी तिथलाच. आजीचं नाव हौसाबाई तर नव्हं?"

"हौसाबाईच. तुम्हाला कसं माहीत?" बबीताने विचारलं, तसा जालिंदर म्हणाला, "मग आधी ती हातोडी बघू द्या मला. ती धरणावरची नसनार. काय असंल ते मी बघून सांगतो."

घर दोन गल्ल्या सोडून होतं. नवरा मिहीर रास लफानच्या गॅस प्रकल्पावर ड्युटीला होता. त्याने हौसेने शोकेसमध्ये मांडलेली हातोडी बबीताने काढली आणि जालिंदरच्या हातात दिली. वीतभर लांबीचं लोखंडी डोकं, दोन्ही टोकांना आडवी धार, बाभळीचा दांडा घामाने काळा पडलेला. जालिंदरने ती उलटीसुलटी केली आणि त्याचा चेहरा उजळला.

"धरणावर घण चालतो, बोथट तोंडाची सुतकी चालती. ही दोन्हीकडनं धारंची. ही घिऊन धरणावर काय कांदं कापायचं?"

बबीताला हसू आलं. रोज दगडात वावरूनही ही शंका आपल्याला कशी आली नाही, असं तिला वाटलं. घरात जी गोष्ट लहानपणापासून सांगितली जाते ती कुणी तपासून बघत नाही, एवढंच.

"ह्यो बाक दिसतोय? आनि मधली ही शिवणीसारकी रेघ? एस्टीच्या चाकावरच्या कमानपाट्याचं दोन तुकडं एकावर एक जोडल्यात. ही गिरणीची टाकी हाय, ताई. आमच्याच गिरणीची."

मॅडमची ताई कधी झाली ते दोघांच्याही लक्षात आलं नाही. बबीताने चहा टाकला आणि जालिंदर सांगू लागला.

सावरगावात पहिली पिठाची गिरणी टाकली ती त्याच्या वडिलांनी, सुदामने. डिझेलचं इंजिन पुकपुकायला लागलं तशी बायकांनी जाती उचलून कोपऱ्यात ठेवली. हौसाबाई डोक्यावर पाटी घेऊन गावोगाव "टाकीऽऽ लावायची का टाकीऽऽ" ओरडत फिरायची, तिला दारं मिळेनाशी झाली. लोक म्हणाले, आता हिचं संपलं. नवरा दूर धरणावर, पोरगा आश्रमशाळेत. बाई एकटी काय करणार?

"बाई सरळ गिरणीच्या दारात आली," जालिंदर म्हणाला. "आमच्या बाला म्हनली, सुदामदादा, जातं काय आनि गिरणी काय, दगड तो दगडच. तुझाबी कवातरी गुळगुळीत हुनारच की. तवा मला बोलव."

सुदामने हसण्यावारी नेलं. पण काही महिन्यांनी पीठ गरम यायला लागलं, बाया कुरकुरायला लागल्या, आणि सोलापूरचा मिस्त्री आज येतो उद्या येतो करत राहिला. मग हौसाबाईला निरोप गेला. ती आली. जात्याची छिन्नी तिने गिरणीच्या दगडावर ठेवली, घाव घातला, आणि छिन्नीचं तोंडच वळलं. बघायला जमलेले लोक खो खो हसले.

"माझा बा सांगायचा, दुसरं कुनी असतं तर तोंड लपवून घरी गेलं असतं. ही बाई वळलेली छिन्नी हातात घिऊन म्हनली, दगड नवा हाय, त्याला हत्यारबी नवंच लागनार. आनि गेली लोहाराकडं."

वैरागच्या एस्टी स्टँडामागे मोडका कमानपाटा पडला होता. तो तिने डोक्यावर वाहून आणला. लोहाराकडून हातोडी घडवून घेतली. तापलेल्या लोखंडाला पहिल्यांदा पाणी जास्त बसलं, धार उडाली. दुसऱ्यांदा कमी बसलं, धार दबली. लोहार वैतागला, पण ती भात्याजवळून हलली नाही. तिसऱ्यांदा पाणी बरोबर बसलं.

"मग लावली टाकी?" बबीताने विचारलं.

"कुठलं! खरी गंमत पुढंच हाय. पयल्या खेपेला माझी आजी गावाला गेलती, ह्या खेपेला ती आडवी आली. म्हनली, वडारीन दळनाच्या घरात नको. दगड उचलून अंगनात ठेवा, तिथं बसून करंल." ते बोल आपल्याच घरातले आहेत याचा जालिंदरला संकोच वाटत असावा, पण त्याने गोष्ट बदलली नाही. "तुमच्या आजीनं हातोडी पदरात गुंडाळली आनि म्हनली, दगड आत, तर मीबी आत. न्हाईतर राहू द्या, खावा जळकं पीठ. आनि पायरीवर बसून राहिली. दळनाला आलेल्या बाया तिच्यामागं उभ्या. एक बाई डबा घिऊन परत जाईना. शेवटी बा आजीला म्हनला, आई, बाजूला हो."

हौसाबाई आत गेली. त्या दिवशी पीठ इतकं थंड आलं, की सुदामच्या आईने पहिली भाकरी खाऊन दुसरी वाढून घेतली. पुढे वैरागपासून बार्शीपर्यंतच्या गिरण्यांचे निरोप हौसाबाईला यायला लागले. दारोदार ओरडत फिरणं सुटलं. आता लोक तिला गाडी पाठवायचे.

बबीताने हातोडी उचलली. रोज बघितलेली वस्तू हातात वेगळी लागली. "चला," ती म्हणाली, "शुक्रवारच्या नमाजानंतर मुदस्सिरभाईंची गिरणी बंदच असते."

दुपारी गिरणीचा मेन स्विच काढला. मुदस्सिर आणि जालिंदरने वरचा दगड उलटून फळ्यांवर टेकवला. बबीताने साईटचा गॉगल लावला, मास्क बांधला आणि दगडावरून तळहात फिरवला. आतली बाजू अजून खरखरीत होती, कडेकडेने मात्र काच झाली होती. पेन्सिलीने तिने मधून कडेकडे रेघा आखल्या.

पहिले घाव घसरले. मुदस्सिरने काळजीने जालिंदरकडे पाहिलं. बबीता थांबली. मनगट सैल सोडलं. आजी म्हणायची, हातोडी मारायची न्हाई गं, सोडायची. तिने हातोडी वर नेली आणि सोडली. दगडावर बारीकशी पांढरी टिकली उठली. पुन्हा सोडली. तिसऱ्या घावाला आवाज बदलला; बद्द होता तो खणखणीत झाला. मग तिचा हात थांबला नाही. मधे खोल, कडेला उथळ, एकेक चर सरळ उतरत गेला. दांडा तळव्यात बसला होता. खांदा भरून आला, पण ते दुखणं तिला आवडत होतं. कंपनीत ती दगड पास करायची, नापास करायची. दगडाला दुरुस्त करण्याचं सुख तिथे नव्हतं.

दुसराही दगड झाला तेव्हा उन्हं कलली होती. दगड झाडून, पुसून, परत बसवले. पहिलं दळण टाकाऊ गव्हाचं काढलं आणि त्यात दगडाची कच असते म्हणून फेकून दिलं. मग जालिंदरची ज्वारी टाकली. पीठ पडायला लागलं तसा मुदस्सिरने खाली हात धरला आणि ओरडला, "या अल्लाह! थंड आहे!"

"यल्ला, चला भाईसाब, आता माझी ज्वारी टाका," घरून आणलेला डबा पुढे करत बबीता म्हणाली.

त्या संध्याकाळी भाकरी एकसंध थापली गेली आणि तव्यावर टम्म फुगली. जेवण झाल्यावर तिने बार्शीला फोन लावला आणि अण्णांना सगळं सांगितलं: कमानपाटा, लोहार, पायरी, सगळं. अण्णा निवृत्त हेडमास्तर.

"तुम्हाला हे माहीत होतं, अण्णा?"

"नव्हतं," ते म्हणाले. "शाळेतून सुट्टीला घरी आलो की मी तिच्या कुशीत शिरायचो. आई दगडावर काम करते हे माहीत होतं. पण तिच्या लुगड्याला पिठाचा वास यायचा. मला वाटायचं, माझ्यासाठी भाकऱ्या करून ठेवल्या असतील. मी तिला कधी विचारलंच नाही. बापाची हातोडी म्हणून सांगत सुटलो, आणि ती शेजारी बसून ऐकून घ्यायची. हसायची."

"रागावली नाही?"

"तिला काय गरज होती गं? तिला माहीत होतं हातोडी कुणाची आहे ते."

शनिवारी मुदस्सिरचा फोन आला. समैस्मा गावात त्याच्या मेहुण्याची गिरणी होती. तिथे कतारी घरांतून हरीस नावाच्या पदार्थासाठी गहू भरडायला येत, आणि भरड नीट पडत नव्हती. बाजी येतील का? गाडी पाठवतो.

"गाडी नको, जालिंदरभाऊ आणतील मला," बबीता म्हणाली. "शुक्रवारी येते. मेहुण्यांना सांगा, मी यायच्या आधी दगड उघडून ठेवा. गरम दगडाला मी हात लावत नाही."