देवाच्या प्लॉटची वहिवाट

मागच्या चैत्रात काल्याच्या कीर्तनात महारुद्र आप्पा रडले, तिथून हे सगळं सुरू झालं.

भूम तालुक्यातल्या ईट गावापासून तीन किलोमीटरवर आमची वाडी. सप्ताह एकोणतीस वर्षांचा, त्याची वही माझ्याकडं, पण त्याला स्वतःची जागा नाही. आधी शाळेचं मैदान होतं, त्याला भिंत आली. मग रस्त्याच्या कडेला मंडप पडू लागला. उत्तरेश्वर महाराजांचा गळा असा, की पहिल्याच आलापाला माणसाच्या डोक्यातली भांडणं गळून पडावीत. पण महाराजांनी डोळे मिटून विठ्ठलाला हाक मारली, की नेमका उसाचा ट्रॅक्टर गाणी वाजवत जायचा. देवाच्या आधी ट्रॅक्टरवालाच ओ द्यायचा.

काल्याच्या दिवशी महाराजांनी दानावर निरूपण केलं. आप्पा पहिल्या रांगेत होते. चाळीस एकरांचा धनी, रांग पहिलीच असणार. डोळे पुसत ते उठले, विणेकऱ्याच्या विणेला हात लावला आणि माईकवर म्हणाले, "सप्ताहाला दोन गुंठे जागा म्या दिली. देवाला जबान दिली!"

टाळ्या, टाळ, मृदंग, सगळं एकदम झालं. बायकांच्या बाजूनं मथुराबाईंनी पदर डोळ्याला लावला. कुठली जागा, हे कुणीच विचारलं नाही. भर कीर्तनात कुणी गट नंबर विचारतं होय?

पुढं पावसाळा सरला, रस्ता रुंद व्हायला लागला आणि आप्पांच्या रस्त्याकडच्या रानाचा भाव असा चढला, की आप्पांचे डोळे कोरडे पडले. हॉटेल टाकायला जागा बघणारा एक माणूस येऊन चहा पिऊन गेला. त्यानंतर दानाचा विषय निघाला, की आप्पांना रानात मोटर बंद करायची आठवण यायची.

त्यांचे जावई युवराज पुण्यात कंप्युटरवर काम करतात. संक्रांतीला आले आणि सासऱ्याला मार्ग दाखवून गेले. 'नवभूमी' नावाची एक दुनिया म्हणे इंटरनेटवर निघालीय. तिथं रस्ते आहेत, बंगले आहेत, समुद्रही आहे. फक्त माती नाही. लोक तिथं खरे पैसे देऊन जागा घेतात आणि घेतल्याचा आनंदही खरा असतो. आप्पांनी घेतली. रस्त्याकडच्या दोन गुंठ्यांपुढं ती जागा म्हणजे भाजीवरची कोथिंबीर.

फाल्गुनात मारुतीच्या पारावर सप्ताहाची बैठक बसली. आप्पा एक फ्रेम घेऊन आले. आत सोनेरी वेलबुट्टीचा कागद, सगळा इंग्रजीत.

"जबान दिली होती, पाळली," आप्पा म्हणाले. "सेक्टर सात. समुद्राकाठी. आजपासून देवाची."

समुद्र आमच्यापासून किती लांब, हे शाळेत शिकवलं होतं, पण ते कुणाला आठवेना.

आप्पांनी युवराजांना व्हिडिओवर घेतलं. युवराजांनी समजावून सांगितलं, "तिथं चिखल नाही, ऊन नाही, मंडपाचा खर्च नाही. मामांनी पूर्ण एक पार्सल घेतलंय."

"पार्सल?" मथुराबाई पुढं सरकल्या. "पार्सल भेळीचं असतंय. जमिनीचं कवापासनं मिळाया लागलं?"

"आजी, तिथं प्लॉटला पार्सल म्हणतात."

"बरं. शेजार कुणाचा हाय?"

युवराजांनी नकाशा उघडला. "एका बाजूला बुटांचं दुकान आहे. दुसऱ्या बाजूला... नाचगाण्याचा क्लब. पण तो सध्या बंद असतो."

"म्हंजे देव चपला आन् तमाशाच्या मधी," पाठीमागून कुणीतरी म्हणालं.

आप्पा तापले. "जागा देतो म्हणालो होतो. कुठली देतो ते म्हणालो होतो का? सांगा!"

म्हणाले नव्हते, हे खरंच. महाराज खाली मान घालून उपरण्याची घडी करत बसले. कीर्तनकाराला सप्ताहाच्या आमंत्रणाची नारळ-सुपारी घ्यायची असते, आणि ती आप्पांच्याच हातून येते. यंदाही रस्त्याच्या कडेलाच बसायचं, एवढं सगळ्यांना कळून चुकलं.

कळलं नाही ते फक्त मथुराबाईंना. त्या आप्पांच्या चुलती, वय सत्तरीच्या पुढं. भावकीनं त्यांच्या रानाची वाट अडवली तेव्हा भूमच्या तहसीलदारासमोर त्या नऊ वर्षं उभ्या राहिल्या आणि बैलगाडीपुरती वाट घेऊनच घरी आल्या. वाडीत वकील नाही, पण मथुराबाई आहेत.

"महारुद्रा, दिलीस, देव तुझं भलं करो," त्या म्हणाल्या. "आमाला कबूल हाय. आता वाट सांग."

"कसली वाट, काकू?"

"रानाची वहिवाट. जागा दिली आन् वाट न्हाय दिली, तर ती दिली म्हणत न्हाईत. देवाच्या प्लॉटवर जायाचं कुठनं?"

उत्तर युवराजांनी दिलं. हुशार माणसाला गप्प बसता येत नाही. "आजी, प्रत्येकाला आपापल्या मोबाईलवरून जाता येतं."

मथुराबाईंनी कमरेचा मोबाईल काढून दाखवला. बटणाचा होता, वर रबर लावलेलं. पारावरच्या निम्म्या मंडळींचे तसलेच. उरलेल्यांना वाडीत रेंज नाही; ती फक्त आप्पांच्या महागड्या कार्डाला.

"मग मामांच्या हॉलमधून जा की," युवराज म्हणाले. "तिथं वायफाय आहे, मोठा टीव्ही आहे. अगदी तिथं गेल्यासारखं वाटतं."

"ऐकलं का समद्यांनी? वाट हॉलातनं हाय. महारुद्रा, वाट कबूल?"

दोन गुंठे वाचले, या आनंदात आप्पांचं काळीज सुपाएवढं झालं होतं. "कबूल! केव्हाबी या. देवाच्या कामाला म्या कधी न्हाय म्हणालोय का?"

'केव्हाबी' हा शब्द मथुराबाईंनी गाठीला बांधला आणि नीट घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेचारला आप्पांच्या फाटकावर बावीस माणसं, दोन मृदंग आणि टाळांची एक पिशवी घेऊन उभी होती. दार आप्पांच्या मालकीणबाईंनी, दीपमालाताईंनी उघडलं.

"काकू, एवढ्या पहाटे? काय झालं?"

"काय न्हाय गं बाई. काकडा हाय. देवाच्या जागेत जायाचंय. टीव्ही लाव."

टीव्ही लागला. नवभूमीत आपल्या वतीनं चालायला एक बाहुला असतो. आप्पांच्या बाहुल्याला अर्धी चड्डी आणि हिरवे केस होते. तो समुद्राकडं तोंड करून उगाच डुलत होता.

"ह्यो कोण?" मथुराबाईंनी विचारलं.

"हे... आपले हे," दीपमालाताई म्हणाल्या आणि पदरात तोंड लपवून हसल्या.

बनियनवर बाहेर आलेल्या आप्पांना हॉलात बसायला जागा राहिली नव्हती. सोफे भिंतीला सरकवलेले, सतरंजी अंथरलेली, कोचाच्या हातावर वीणा टेकवलेली. काकडा लागला. चारी भिंती नव्या रंगाच्या, वर पीओपी. आवाज असा घुमला, की खरं सांगायचं तर रस्त्याच्या कडेला तसा कधी घुमला नव्हता.

आरती झाल्यावर आप्पा चाचरत म्हणाले, "काकू, रोज येणार का?"

"वहिवाट म्हंजे रोजची असती, महारुद्रा. मोडली, तर पुन्हा तहसीलदार हायच."

संध्याकाळी भजन झालं. पहाटे पुन्हा काकडा. एकादशीला महाराज स्वतः आले आणि हॉलात कीर्तन झालं. विषय दान. यजमान म्हणून आप्पांना महाराजांच्या अगदी समोर बसवलं होतं. महाराजांनी त्यांचं नावही घेतलं नाही. बोट दाखवायला टीव्हीतला हिरव्या केसांचा बाहुला होता.

"बघा मायबाप," महाराज म्हणाले, "हा दाता! ह्याला पाय हायत, पण पायाला माती न्हाय. हात हायत, पण हातातनं काही सुटत न्हाय!"

बायका हसल्या, पुरुष हसले, दीपमालाताई सगळ्यात जास्त हसल्या. आप्पांनीही हसून घेतलं. स्वतःच्या घरातून उठून जाणार कुठं?

पंधरा दिवसांत आप्पांची झोप गेली, बातम्या गेल्या, क्रिकेटची अख्खी मालिका गेली. हॉटेलवाला एकदा बोलणी करायला आला, त्याला बायकांनी बुक्का लावून मधोमध बसवला. दोन तास भजन ऐकून तो जो गेला, तो फोन उचलेना. आप्पांनी युवराजांना फोन केला. ते म्हणाले, "मामा, मीटिंगमध्ये आहे."

दीपमालाताईंचं मात्र उलटं झालं. चाळीस एकरांच्या घरात त्यांना बोलायला माणूस नव्हतं. पोर पुण्याला, आप्पा रानात नाहीतर फोनवर. आता चाराला उठून त्या पातेलंभर चहा टाकायच्या आणि टाळ घेऊन मथुराबाईंच्या शेजारी बसायच्या. गळा त्यांचा चांगला निघाला. लग्नाला एकतीस वर्षं झाली, आप्पांना हे ठाऊक नव्हतं.

सप्ताह आठ दिवसांवर आला तेव्हा त्याच सगळ्यांसमोर म्हणाल्या, "काकू, रस्त्यावर कशाला? यंदा सप्ताहच इथं घ्या. सात दिवस. पंगती गच्चीवर बसवू."

आप्पांनी बशी खाली ठेवून हिशेब घातला. सात दिवस, चोवीस तासांची वीणा, तीनशे पानांची पंगत, आणि चपला सगळ्या पोर्चमध्ये.

"थांबा," ते म्हणाले. "थांबा जरा. रस्त्याकडच्या रानातली जागा देतो. खरी. मातीची."

मथुराबाई म्हणाल्या, "आमी कुठं मागितली, बाबा? आमाला समुद्राकाठची बरी हाय."

"काकू, हात जोडतो. घ्या."

"बघ हां. समद्यांचा आग्रव असंल, तर घेऊ."

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे रानात गेले. आप्पांनी टेप आणला होता, खुंट्या आणल्या होत्या. आणि ते चालू लागले ते रस्त्याला पाठ करून, सरळ मागं ओढ्याच्या अंगाला. तिथं बाभळी आणि दगड.

"इथं शांत हाय," आप्पा म्हणाले. "कीर्तनाला शांतता लागती. ट्रॅक्टरचा आवाज न्हाय येत."

युक्तिवाद बिनतोड होता. महाराजांनी माझ्याकडं पाहिलं, मी मथुराबाईंकडं. ट्रॅक्टरची तक्रार वर्षभर आम्हीच केली होती.

मागं वळून बघतो तर दीपमालाताई आमच्यात नव्हत्या. त्या रस्त्याच्या कडेला, रानाच्या तोंडाशी उभ्या होत्या. हातात खुंटी. आमच्या देखत त्या वाकल्या आणि दगडानं खुंटी ठोकली.

"अगं ए!" आप्पा ओरडले. "तिथं न्हाय! ते फ्रंट हाय!"

"म्हाईत हाय," त्या तिथूनच म्हणाल्या. "सातबाऱ्यावर माझंबी नाव हाय. ह्यो कोपरा माझा समजा. आणा टेप."

"आवाज येईल की तिथं!"

"येऊ द्या. भिंत घालू. पीओपी करू. आपल्या हॉलात घुमतंय तसं घुमंल."

आप्पांनी बाभळीखाली ठेवलेल्या खुंट्या उचलल्या. मग आले. टेपचं एक टोक दीपमालाताईंनी खुंटीवर धरलं, दुसरं आप्पांनी. दोन गुंठे म्हणजे दोन हजार एकशे अठ्ठ्याहत्तर चौरस फूट. आप्पांनी तीनदा मोजले आणि तिन्ही वेळा ते त्यांना जास्तच वाटले.