हिरडाटोल्यातला समुद्र

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात हिरडाटोल्याच्या अंगणवाडीत समुद्र येणार होता. वरून आलेल्या कागदात तसं छापलेलंच होतं. 'आठवड्याचा विषय : समुद्र. साहित्य : वाळू, शंख-शिंपले, निळा कपडा.'

हिरडाटोला म्हणजे गोंदिया जिल्ह्यात, दरेकसाच्या अलीकडे, जंगलाला पाठ टेकून बसलेली तीस घरं. इथून समुद्र किती लांब आहे हे कागद छापणाऱ्याला ठाऊक नसावं. टोल्यालाही ठाऊक नव्हतं, त्यामुळे कुणाची तक्रार नव्हती. टोल्यातला सगळ्यात जास्त फिरलेला माणूस बकाराम. त्याने चोरखमाऱ्याचा तलाव पाहिला होता, आणि त्याहून मोठं पाणी असतं यावर त्याचा विश्वास बसत नव्हता.

अंगणवाडी सेविका अल्का मात्र कागदाचा कधी अपमान करत नसे. तिची एक वही होती. पानाच्या मधोमध रेघ मारलेली. डावीकडे लिहायचं, कागद काय म्हणतो. उजवीकडे, आपल्याकडे काय होईल. मागच्या आठवड्यात डावीकडे होतं, 'पाच मणी मोजणे.' उजवीकडे, 'पाच जांभळं मोजणे. टिकेश खाईल, म्हणून सात आणणे.' टिकेशने तीन खाल्ली. त्या दिवशी हिरडाटोल्यात मोजणी चारपर्यंतच झाली. पण ते चारही आकडे पाठ झाले, कारण टिकेश उरलेल्यांकडे कधी वळेल या काळजीने मुलं फार मन लावून मोजत होती.

या आठवड्याला मात्र गंमत कमी होती. शुक्रवारी पर्यवेक्षिका रीना मॅडम येणार होत्या. मुलं चौदाच, म्हणून टोल्याची अंगणवाडी नाल्यापलीकडच्या मोठ्या गावच्या अंगणवाडीत विलीन करायची की आहे तशी चालू ठेवायची, हे त्या मुलांचे उपक्रम पाहून ठरवणार होत्या.

"विलीन म्हणजे का व?" रामकलीने विचारलं. ती मदतनीस. खिचडी शिजवण्यात आणि तोंड चालवण्यात तिचा हात कोणी धरत नसे.

"म्हणजे आपले पोट्टे रोज नाला ओलांडून जातील, मावशी."

"पावसाळ्यात?"

"पावसाळ्यातपण."

रामकलीने चुलीवरचा खिचडीचा गंज उतरवून ठेवला. तिची नात भूमिका याच चौदांत होती. "मंग समुद्र शिकवाची गरजच नाई," ती म्हणाली. "नाल्याले पूर आला का जातीन थेट तिकडंच."

सोमवारी समुद्र तयार झाला. रामकलीच्या घरचं सगळ्यात मोठं घमेलं, तळाशी अल्काची जुनी निळी ओढणी, वर दोन बादल्या पाणी. शिंपले कमी पडले नाहीत; नाल्यात ते हवे तेवढे मिळतात, फक्त त्यांना आपण समुद्राचे आहोत हे सांगावं लागलं. समुद्र खारा असतो, म्हणून रामकलीने ओंजळभर मीठ टाकलं. टिकेशने बोट बुडवून चाखलं आणि म्हणाला, "आजी, आज वरण बिघडलं."

समुद्र निभावला. अडलं ते रेघेवर.

कागदात पुढचा उपक्रम होता : 'मूल सरळ रेषेवरून, समोर पाहत, तोल सांभाळून चालते.' अल्काने खडूने या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत रेघ ओढली आणि म्हणाली, "चला, एकेक जण. रेघेवरून सरळ चाला."

भूमिका पहिली उठली. रेघेशी आली, पाठ फिरवली, कमरेत वाकली आणि मागे मागे निघाली. प्रत्येक पावलाला उजवा हात जमिनीला टेकवत होती. रेघ जराही न सोडता ती त्या भिंतीला पोचली, कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि आईसारखी उसासली. तिच्यामागून टिकेश. मग रिंकी. मग चौदाच्या चौदा.

अल्काच्या लक्षात यायला क्षण लागला. टोल्यात रोवणी, म्हणजे भाताची लावणी, चालू होती. गेले पंधरा दिवस ही मुलं दुपारनंतर शेताच्या धुऱ्यावर, बांधावर बसून एकच गोष्ट पाहत होती : आया हातात पऱ्ह्यांची, भाताच्या रोपांची जुडी घेऊन, वाकून, रांगेने मागे मागे सरकताहेत. सरळ चालणं म्हणजे हेच. दुसऱ्या तऱ्हेने सरळ चालताना त्यांनी आजवर कोणाला पाहिलंच नव्हतं. रस्त्यावर बकाराम दिसायचा, पण तो सरळ चालत नसे.

"भूमिका, तिकडं तोंड करून चाल न बेटा."

"तसं चाललं त पऱ्हे तुडवतात न, मॅडम."

यावर कागदात काही दिलेलं नव्हतं.

मंगळवारी अल्का स्वतः रेघेवरून तोंड समोर करून चालून दाखवती झाली. मुलांनी शांतपणे पाहून घेतलं. टिकेश शेजारच्या रिंकीला म्हणाला, "मॅडमले रोवणी येत नाई." बुधवारी तिने पलीकडच्या भिंतीला गूळ ठेवला. मुलं गुळाकडे पाठ करून निघाली आणि बरोबर गुळाशी पोचली. गुरुवारी तिने वही उघडली, उजवी बाजू कोरी सोडली आणि घरी गेली.

रात्रभरात काही सुचलं नाही. रामकलीला मात्र सुचलं असावं, कारण शुक्रवारी सकाळी घमेलं कोपऱ्यातून हललं होतं आणि रेघेच्या शेवटाला येऊन बसलं होतं.

"इथं कायले, मावशी?"

"जमीन सरली का समुद्र लागते म्हणून तूच सांगतलं न पोट्ट्याइले."

एवढ्यात बाहेर स्कूटी थांबली. रीना मॅडम गोंदिया शहरातल्या. कडक इस्त्रीचा बदामी ड्रेस, हातात फॉर्म, बोलण्यात निम्मी हिंदी. माणूस म्हणून वाईट नव्हत्या. फक्त फॉर्मच्या बाहेरचं जग त्यांना आवाज करणारं वाटायचं.

"देखो अल्का, सीधी बात," खुर्चीवर बसत त्या म्हणाल्या. "प्रत्येक उपक्रमाचा फोटो मोबाईलवरून लगेच चढवायचा. एकदा चढला की उतरत नाही, म्हणून नीट काढ. विलीनीकरणाचा प्रस्ताव गेला तर सगळे फोटो त्याला जोडून वर जातात, साहेब स्वतः एकेक बघतात. चालू ठेवायची असेल तर काही नाही, एक टिक. फाईल बंद. कोणी उघडून बघत नाही."

"हो मॅडम," अल्का म्हणाली.

"लक्षात ठेवजो हं," रामकली चुलीपासून म्हणाली. कोणाला, ते कळलं नाही.

उपक्रम सुरू झाला. चौदा पाठी समुद्राकडून निघून रेघेच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या मॅडमच्या दिशेने सरकत आल्या.

"अरे, ये क्या? उलटे काऊन चालून राहिले हे?" मॅडमची हिंदी घाबरून मराठी झाली. "इथे लिहिलंय, समोर पाहत चालते!"

भूमिका वाकलेलीच होती. तशीच मान वळवून म्हणाली, "समोरच पाहून राहिली मी. रोवलेलं समोरच रायते."

मॅडमनी फॉर्म पाहिला, मुलीकडे पाहिलं, परत फॉर्म पाहिला. "रेघ तर एकानेही सोडली नाही," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "मोठ्या गावात निम्मी पोरं सोडतात. पण यार, तोंड..." आणि त्यांचा पेन हळूहळू 'विलीन' लिहिलेल्या चौकटीकडे निघाला.  रामकलीने खिचडी ढवळायची थांबवली.

भूमिकाने मूठभर गवताची जुडी मॅडमपुढे धरली. "तुम्ही रोवा आता."

"मी?"

"येत नसन त राहू द्या," टिकेश मोठ्या मनाने म्हणाला. "आमच्या मॅडमलेपण येत नाई."

हे लागलं. गोंदियाच्या धानाच्या बाजारात वाढलेल्या माणसाला धानाचं काही येत नाही, असं चार वर्षांच्या पोराने म्हणावं! "इसमें क्या है?" म्हणत मॅडमनी पेन ठेवला, ओढणी खोचली, जुडी घेतली, पाठ फिरवून वाकल्या आणि निघाल्या.

"वाकडं! वाकडं!" मुलं ओरडली. "अंतर ठेवा न!" "पाय पाहा, पाय!"

मॅडम इरेला पेटल्या. पावलामागून पाऊल, वेग वाढत गेला. नियम प्रत्येक उपक्रमाच्या फोटोचा होता, आणि अल्का नियमाची पक्की. तिने मोबाईल धरला होता. तिने "मॅडम, मागं..." एवढं म्हटलंही. पण तोवर जमीन सरली होती.

समुद्रात मॅडम बसल्या. घमेलं मापाचं निघालं. लाट दारापर्यंत गेली.

फोटो फार सुरेख आला. मधोमध मॅडम, हातात जुडी तशीच, डोक्यावर एक शिंपला, बाजूला टिकेश बोट बुडवून चव बघताना.

"डिलीट कर," मॅडम घमेल्यातूनच म्हणाल्या.

"चढला, मॅडम," अल्का खालच्या आवाजात म्हणाली. "उतरत नाई न."

रामकली टॉवेल आणायला उठली. मग अल्काने अगदी शिकायच्या सुरात विचारलं, "प्रस्तावाले सगळेच फोटो जोडावे लागतात का, मॅडम?"

मॅडमनी तिच्याकडे पाहिलं. रामकलीकडे पाहिलं, ती टॉवेल हातात घेऊन तयारच होती, जरा जास्तच तयार. मग त्या उठल्या, फॉर्म घेतला, 'चालू ठेवावी'समोर एक टिक केली आणि शेऱ्यात लिहिलं : 'मुलांचा तोल उत्तम.' क्षणभर थांबून खाली आणखी एक ओळ लिहिली : 'प्रत्यक्ष खात्री केली.' त्या ओळीवर पाण्याचा एक थेंब पडला, आणि त्या हसल्या. हसणं आवरेना तेव्हा टॉवेल तोंडाला लावला.

बाहेर वेगळाच पेच होता. आरडाओरडा ऐकून धुऱ्यावरच्या बाया दारात जमल्या होत्या, आणि बदामी ड्रेसचा मागचा अर्धा भाग अजून समुद्रातच होता. मॅडम भिंतीला पाठ लावून बायांना वळसा घालून अंगणात आल्या, सगळ्यांकडे तोंड करून उभ्या राहिल्या, नमस्कार केला, आणि मग परत वळल्याच नाहीत. तशाच बोलत, मान डोलवत, एकेक पाऊल मागे टाकत स्कूटीकडे निघाल्या. अंगण, बोरिंग, फाटक. वीस पावलं, आणि एकही वाकडं नाही.

टिकेश दारात उभा राहून बघत होता.

"आता जमलं," तो म्हणाला, आणि खिचडीला गेला.