पाचव्याचं चाक

इंजिनाच्या पोटात दुखायला लागलं ते नाश्त्याच्या टेबलावर, आणि त्यात नाश्त्याचा काही दोष नव्हता.

इंजिन म्हणजे माणूसच, बरं का. बारा वर्षं एकाच सायकल टीममध्ये सगळ्यांच्या पुढे राहून वारा अंगावर घ्यायचा आणि बाकीच्यांना पाठीमागे आडोसा द्यायचा, हे त्याचं काम, म्हणून नाव इंजिन. वय छत्तीस. करार संपत आला होता आणि पुढच्या वर्षाबद्दल कुणी चकार शब्द काढत नव्हतं. अशात तीन आठवड्यांच्या मोठ्या शर्यतीचा पहिलाच टप्पा यंदा टीम टाइम ट्रायलचा निघाला. म्हणजे टीमच्या आठही जणांनी एकत्र सुटायचं, चाकाला चाक लावून आळीपाळीने ओढायचं, आणि पाचव्या माणसाचं चाक रेषेला लागलं की घड्याळ थांबायचं. तीच वेळ सगळ्यांच्या नावावर. जी टीम जिंकेल तिच्यातला रेषेवर जो पुढे, त्याला लीडरची जर्सी. पुढे कोण जाणार हे टीम आधीच ठरवते, आणि जुन्या माणसाला तो मान देण्याची पद्धत आहे. बारा वर्षांत ती जर्सी इंजिनाच्या अंगाला लागली नव्हती. यंदा आपलीच पाळी, असं तो धरून चालला होता. बायकोला तर सांगूनही बसला होता.

मॅनेजरने कॉफीचा कप खाली ठेवला आणि म्हणाला, "रेषेवर पुढे जावई."

जावई म्हणजे टीमचा हुकमाचा एक्का आणि इंजिनाच्या धाकट्या बहिणीचा नवरा. घरचं नातं टीमला कळलं आणि तेच नाव चिकटलं. सहा वर्षांपूर्वी या पोराला टीममध्ये इंजिनानेच आणलं होतं. वळणावर कुठे ब्रेक सोडायचा, डोंगरात कधी खायचं, सगळं त्यानेच शिकवलं. पुढे पोरगा घरी जेवायला यायला लागला, मग बहिणीकडे बघायला लागला, आणि एक दिवस जावई होऊन बसला.

"इंजिना, तुला चालेल ना?" मॅनेजरने विचारलं.

"चालेल की. न चालायला काय झालं?" इंजिन म्हणाला आणि ब्रेडवर लोणी लावत राहिला. एकाच तुकड्यावर तीनदा लावलं.

जावई टेबलाच्या पलीकडून म्हणाला, "दादा, तू म्हणत असशील तर तू जा पुढे."

हेच! हेच त्याचं इंजिनाला सोसत नव्हतं. नालायक असता तर चार शिव्या घालून मोकळं होता आलं असतं. पण हा मेला चांगला वागायचा. घरी तर विचारायलाच नको. आई दोघांना शेजारी बसवून वाढायची आणि इंजिनाला दटावायची, "जावयाला अरे-तुरे करू नये." म्हणून घरी 'तुम्ही' आणि सायकलवर 'तू', अशी कसरत चालायची. गेल्या वर्षी दोघं एकाच वळणावर पडले. इंजिनाच्या खांद्याचं हाड मोडलं, जावयाचा गुडघा खरचटला. आईचा फोन आला. "जावईबापूंचा गुडघा कसा आहे रे? त्यांना दे बघू फोन." त्याने दिला, एका हाताने. दुसरा गळ्यात होता.

तेव्हा तो हसला होता. आज हसू येईना.

दुपारी टीम सुटली. रस्ता सपाट, वारा तिरका, दुतर्फा माणसांच्या भिंती. अर्ध्या वाटेपर्यंत सगळं सुरळीत चाललं. मग एकाचं चाक पंक्चर झालं, पुढे दोघांचे पाय गेले आणि ते मागे पडले. राहिले पाचच. इंजिन नुकताच आपली पाळी ओढून शेपटाला येऊन लागला होता. म्हणजे आता घड्याळ थांबायचं ते त्याच्याच चाकावर.

शेवटचे दोन किलोमीटर राहिले तेव्हा कानातला मॅनेजर ओरडला, "चार सेकंदांनी पुढे आहात! असंच धरा! जावई, पुढे ये!"

जावई पुढे आला. पाठ अशी आडवी, की वर पाण्याचा पेला ठेवला तरी सांडला नसता. कठड्यापलीकडून पब्लिक ओरडायला लागलं, जावयाचं नाव घेऊन. त्या गर्दीत इंजिनाला बहीण दिसली. घसा फोडून ओरडत होती. सायकल हाणताना माणसाला काय दिसावं याला काही धरबंध नाही, पण तिची नजर पहिल्या सायकलवर होती आणि पाचवी जाईपर्यंत ती मागे वळलीच नाही, एवढं त्याने नेमकं पाहिलं. सख्खी बहीण!

तळपायाची आग मस्तकात गेली. आणि पायांनी सोडून दिलं.

थकून नव्हे. पायात अजून जोर होता, चांगला दोन किलोमीटर पुरला असता. त्याने फक्त थोडंसं कमी दाबलं. पुढच्या चाकापासून एक हात अंतर पडलं, मग दोन, मग अख्खी सायकल मावेल एवढं. अंतर पडलं की मागच्याने ओरडायचं असतं, म्हणजे पुढचे वेग कमी करतात. तो ओरडला नाही. घाला जर्सी आता, असं त्याच्या मनात आलं, आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी त्याला फार बरं वाटलं.

जावयाने मान वळवून मागे पाहिलं. एकदाच. मग जे केलं ते इंजिनाच्या स्वप्नातही नव्हतं. तो आपली पुढची जागा टाकून बाजूला झाला, तिघांना जाऊ दिलं, इंजिनाच्या पुढ्यात येऊन वारा स्वतः अंगावर घेतला आणि खांद्यावरून ओरडला, "चल दादा! लाग चाकाला!"

आता सगळ्यांसमोर काय करणार? लागला. जावयाने त्याला ओढत नेऊन रेषेपार केलं. टीम तीन सेकंदांनी हरली. मॅनेजरने हिशेब लावला, शेवटच्या दोन किलोमीटरमध्ये सात सेकंद गेले होते. सायकलीवरच्या मीटरमध्ये इंजिनाचा आकडा पडलेला दिसत होता, पण किती जोर लावला ते मीटर सांगतं, किती राखून ठेवला ते सांगत नाही. सगळ्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. वय होतंच रे माणसाचं, असं मालिशवाला म्हणाला. बायकोने फोनवर विचारलं, "तुम्ही पुढे जाणार होतात ना?" तो म्हणाला, "यंदा बेत बदलला."

पुढचे तीन आठवडे इंजिनाने जे केलं ते पाहून टीमच्या ड्रायव्हरनेही तोंडात बोट घातलं. शरमेने त्याला झोप नव्हती. डोंगरात जिथे त्याच्यासारख्या वजनदार माणसाने मागे राहून जेमतेम पोचायचं, तिथे तो जावयाच्या पुढे राहून ओढायचा, पाण्याच्या बाटल्या शर्टात कोंबून आणायचा, उतारावर त्याचं चाक पंक्चर झालं की स्वतःचं काढून त्याला द्यायचा. आणि गंमत बघा, एवढं करूनही लोक जावयाचं नाव ओरडले की त्याच्या अंगाचा तिळपापड व्हायचाच. शरम एकीकडे, जळफळाट एकीकडे. दोन्ही पोटात सुखाने नांदत होती.

शेवटच्या दिवशी सगळ्या टप्प्यांच्या वेळांची बेरीज झाली आणि जावई दुसरा आला. चार सेकंदांनी.

चार! ज्याला साधी बेरीज येते त्याला कळलं, की त्या सात सेकंदांनी शर्यत गेली. पेपरवाल्यांनी गिल्ला केला. एकट्याच्या नावाने जिंकायच्या शर्यतीत आठ जणांचं घड्याळ कशाला? चांगल्या गड्याने दुसऱ्याच्या पायांमुळे का हरायचं? सायकलपटूंच्या संघटनेने प्रत्येक टीमकडे विचारणा केली, अशा शर्यतीत टीम टाइम ट्रायल ठेवायची की काढायची. हॉटेलच्या जेवणघरात दुपारी सगळे जमले. दोघं दुखापतीने आधीच घरी गेले होते, राहिले सहा.

"काढून टाका," पहिल्या दिवशी ज्याचं चाक गेलं होतं तो पंक्चरवाला म्हणाला. "श्रीमंत टीमा भारी सायकली आणतात, पहिल्याच दिवशी अर्धी शर्यत खिशात घालतात."

"मग डोंगरात तुला पाणी कोण आणून देतं, तुझा काका?" मालिशवाल्याने विचारलं. त्याला मत नव्हतं, पण तोंड होतं. "तिथे टीम चालते, मग घड्याळासमोर का नको?"

सगळ्यांनी जावयाकडे पाहिलं. नुकसान त्याचं झालं होतं. तो म्हणाला, "माझं मत, ठेवायची. टीम माझ्यासाठी काय करते ते त्याच दिवशी उघड्यावर दिसतं. बाकी दिवस गर्दीत काही कळत नाही." त्याच्या पाठोपाठ आणखी तिघांनी हात वर केले. कुणी काही म्हणा, मन मोठं आहे पोराचं, असं मॅनेजर पुटपुटला.

"काढायची कुणाला?"

पंक्चरवाल्याने हात वर केला. आणि इंजिनाने.

"तू?" मॅनेजर म्हणाला. "अरे, बारा वर्षं तूच तर त्यातला वाघ!"

"शेवटच्या माणसाच्या हातात एवढं देऊ नये," इंजिन म्हणाला आणि उठून बाहेर गेला.

बाहेर बसच्या मागे मेकॅनिक पाइपने सायकली धूत होता. जावई मागोमाग आला. मेकॅनिक फडकं आणायला बसमध्ये चढला आणि दोघंच राहिले.

"माझे पाय गेले नव्हते त्या दिवशी," इंजिन म्हणाला. एका दमात. नाहीतर निघालंच नसतं. "मी सोडून दिलं. तुझा हेवा वाटला म्हणून."

जावयाने नळ बंद केला.

"माहीत आहे. मी मागे पाहिलं तेव्हा तुझं तोंड मिटलेलं होतं. पाय गेलेला माणूस तोंड उघडून धापा टाकतो. हे तूच शिकवलंयस, दादा."

"मग बोलला का नाहीस? तीन आठवडे!"

"राग नाही आला असं समजू नकोस. त्या संध्याकाळी तुझा गळा धरावासा वाटला होता." जावई शांतपणे बोलत होता. "पण दुसऱ्या दिवशी तू जसा ओढायला लागलास, तसं बारा वर्षांत कुणासाठी ओढलं नसशील. बोललो असतो तर तू रडून मोकळा झाला असतास. मला मोकळा इंजिन नको होता, ओढणारा हवा होता."

इंजिन बघतच राहिला. त्याला वाटलं होतं, खरं सांगितलं की छातीवरचं ओझं उतरेल. ते राहिलं बाजूला. त्याला कळलं, की आपल्याला आत्ताही पश्चात्ताप होत नाहीये, हेवाच वाटतोय. एवढी गोष्ट पोटात ठेवून, रोज समोर बसून जेवायचं, 'दादा, पाणी दे' म्हणायचं आणि आपल्याला कामाला जुंपायचं! हे काही त्याने शिकवलं नव्हतं.

"आणखी एक," जावई म्हणाला. "मॅनेजरला सांगितलंय, तुझा करार वाढवायचा. दोन वर्षं. पुढच्या वर्षी ही शर्यत मला जिंकायची आहे आणि तुझ्यासारखा ओढणारा मला दुसरा मिळणार नाही." मग म्हणाला, "घरी यातलं काही बोललो नाहीये. बोलणारही नाही, तू ओढतोयस तोवर."

इंजिनाने सही केली. न करून जातो कुठे? रविवारी सगळे आईकडे जेवायला जमले. आईने जावयाच्या पानात आधी वाढलं आणि इंजिनाला म्हणाली, "बघ, जावईबापूंनी शब्द टाकला म्हणून तुझी नोकरी राहिली. त्यांचे उपकार विसरू नकोस हो."